मोखाड्याचा रकाना खाली पडतो

जव्हारच्या बाजारपेठेत इक्बालला आडनावाने कोणी ओळखत नसे. तो इक्बाल कंपोझिटर. एकोणतीस वर्षं त्याने एका छोट्या छापखान्यात शिशाचे खिळे जुळवले. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, निवडणुकीची पत्रकं, हरवलेल्या बैलांच्या जाहिराती. खिळ्यांवरची उलटी अक्षरं तो सुलट्या अक्षरांपेक्षा भरभर वाची. बायको झरीना सांगे, की लग्नानंतर वर्षभर हा माणूस आपला चेहराही उलटाच लक्षात ठेवतो की काय, अशी तिला शंका होती.

२००१ साली छापखाना बंद झाला आणि यंत्र भंगारात गेलं. इक्बालने मालकाकडून दोन वस्तू मागून घेतल्या: एक लोखंडी चौकट आणि एक पोलादी मापपट्टी. चौकटीत जुळवलेला मजकूर बसवायचा, बाजूंना लाकडाच्या पट्ट्या भरायच्या आणि पाचरी ठोकून सगळं आवळायचं. इतकं, की मजकूर भरलेली अख्खी चौकट, छापखान्याच्या भाषेत फर्मा, उचलून उभी धरली तरी एक खिळा खाली येता कामा नये. ‘सैल राहिलं की पडतं.’ हे इक्बालचं एकमेव तत्त्वज्ञान. ते तो खिळ्यांबद्दल, पिठाच्या डब्याच्या झाकणाबद्दल आणि पायजम्याच्या नाडीबद्दल सारख्याच गांभीर्याने सांगे.

मापपट्टी त्याच्या सदऱ्याच्या खिशात राहिली. छापखाना गेल्यावर मोजण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी तो मोजे. भाकरीची जाडी, वर्तमानपत्राचे समास, दारावरच्या पाटीतली अंतरं. घरात त्याचं हे मोजणं कोणाला समजत असेल तर ते मुलीला, नौशीनला. लहानपणी छापखान्यात त्याच्या स्टुलाशेजारी बसून ती अक्षरं शिकली होती. पुढे तिने ठाण्याला राहून संगणकाचा वर्षभराचा अभ्यासक्रम केला आणि परत येऊन जव्हार-मोखाडा रानमाल संघाच्या कचेरीत कामाला लागली.

हा संघ मध, बांबूच्या टोपल्या, नागलीचे पापड आणि वारली चित्रं शहरात विकण्यासाठी काढलेला. सभासद दोन तालुक्यांतले, म्हणून संघात प्रत्येक गोष्टीचे दोन सारखे भाग असत. कचेरी जव्हारला, तर दुसरं केंद्र मोखाडा तालुक्यातल्या खोडाळ्याला. अध्यक्ष जव्हारचे, तर उपाध्यक्ष मोखाड्याचे. सभेच्या फोटोत कोणी मधोमध बसू नये म्हणून मधली खुर्ची रिकामी ठेवत. २००५ साली संघाने इंटरनेटवर आपलं पान काढायचं ठरवलं आणि काम नौशीनला दिलं. अट एकच. नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी, भाताची झोडणी उरकल्यावर, सर्वसाधारण सभा होती. तोवर पान दोन्ही तालुक्यांना पसंत पडलं पाहिजे. पडलं, तर नौशीन कायम. नाही तर काम ठाण्याच्या कंपनीला, आणि नौशीन ठाण्याला, मामाच्या ट्रॅव्हल कचेरीत फोन उचलायला. मामाने टेबलसुद्धा रिकामं करून ठेवलं होतं. झरीनाला त्यात वावगं वाटत नव्हतं. ती गेली तर घरात भाकरीची जाडी कोणाला सांगायची, एवढाच इक्बालचा प्रश्न होता आणि तो मोठ्याने विचारण्यासारखा नव्हता.

पानाला तीन उभे रकाने होते. डावीकडे जव्हारचा माल, मध्ये संघाच्या सूचना, उजवीकडे मोखाड्याचा माल. संगणकाच्या पडद्यावर रुंदी ठिपक्यांत मोजतात. पान होतं सातशे साठ ठिपक्यांचं. नौशीनने प्रत्येक रकाना दोनशे तीस ठिपक्यांचा केला आणि कडेला थोडी जागा मोकळी सोडली. इक्बाल दुपारी डबा घेऊन कचेरीत गेला, खिशातली पट्टी काढून पडद्याला लावली आणि नाराज झाला.

“तीस ठिपके सैल आहेत.”

“असू देत ना अब्बा. थोडी जागा लागते.”

“कशाला लागते? सैल राहिलं की पडतं.”

त्याने पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला. दोनशे चाळीसचे तीन रकाने, सातशे वीस. डावीकडे दहाचा समास, उजवीकडे दहाचा, मधल्या दोन फटी दहा-दहाच्या. बरोबर सातशे साठ. एक ठिपका शिल्लक नाही. नौशीनने तसं केलं आणि पान खरोखरच देखणं दिसलं. इक्बाल पडद्याकडे बराच वेळ बघत राहिला. एकोणतीस वर्षांत इतकी घट्ट चौकट त्याने आवळली नव्हती.

चौथ्या दिवशी खोडाळ्याहून उपाध्यक्ष जिवाभाऊंचा फोन आला.

“पान बघितला. चांगला हाय. पण मोखाडा खाली का टाकला?”

“खाली नाही, उजवीकडे आहे जिवाभाऊ,” नौशीन म्हणाली.

“उजवीकडे मोकळाच हाय. जव्हार वर बसलाय, सूचना वर बसल्यात, मोखाडा त्यांच्या पायाखाली हाय. आमी भांडत नाय. आमी फक्त विचारतो, हा कोणी ठरवला?”

नौशीनने आपल्या पडद्याकडे पाहिलं. तिन्ही रकाने एका रांगेत उभे होते. तिने तसं सांगितलं. जिवाभाऊ म्हणाले, जव्हारला बसून सगळं नेहमीच ठीक दिसतं.

दुसऱ्या दिवशी जीपने खोडाळ्याला एक पथक गेलं. नौशीन, संघाचे अध्यक्ष अर्जुनराव आणि दाभोश्याचा गवंडी सुकऱ्या. सुकऱ्याला अर्जुनरावांनी आणलं होतं. त्यांच्या मते वस्तू घसरते ती जमिनीच्या दोषाने.

खोडाळ्याचं केंद्र दिपिका सांभाळी, दोन लेकरांची आई, शांत बाई. तिने संगणक चालू केला. फोनच्या तारेवरून पान उतरायला सहा-सात मिनिटं लागत. बाजाराचा दिवस होता, त्यामुळे पंधरावीस माणसं खिडकीशी जमली. आधी जव्हारचा रकाना आला. मग सूचना आल्या. मग उजवीकडची जागा पांढरी राहिली. मग एकदम पानाच्या तळाशी, जव्हारच्या शेवटच्या टोपलीच्या खाली, मोखाड्याचा मध दिसला.

“पडला,” खिडकीतून कोणीतरी शांतपणे म्हणालं.

सुकऱ्याने पाणसळीची नळी काढली. तिच्यातलं पाणी दोन्ही टोकांना सारखं येतं का ते बघून गवंडी भिंतीची पातळी ठरवतात. त्याने एक टोक संगणकाच्या डावीकडे धरलं, दुसरं उजवीकडे. टेबल उजव्या अंगाला बोटभर खचलेलं निघालं. मोखाड्याच्या बाजूला. खिडकीत कुजबुज झाली. टेबलाच्या पायाखाली फरशीचा तुकडा सरकवला, पाणी सारखं झालं, दिपिकाने पान पुन्हा उघडलं. सात मिनिटांनी मोखाडा पुन्हा पडला.

“टेबलाचा काम झाला,” सुकऱ्या नळी गुंडाळत म्हणाला. “आतला तुमी बघा.”

नौशीनने आतलं बघितलं. मोखाड्याच्या रकान्यातली चित्रं काढली. पडला. मजकूर काढला, नुसता रिकामा रकाना ठेवला. रिकामाही पडला. कोणता भाग कुठवर पसरलाय ते दिसावं म्हणून तिने तिन्ही रकान्यांना तीन रंग दिले. जिवाभाऊंनी विचारलं, मोखाड्याला पिवळा का, वाळल्या गवताचा? तिने रंग बदलून दिला. निळा मोखाडाही पडला.

जव्हारला परत आल्यावर ती पुन्हा आपल्या पडद्यासमोर बसली. इथे सगळं जागच्या जागी. विजेचा दाब कमी पडतो का, तारेतून येताना काही गळतं का, असे प्रश्न अर्जुनरावांनी लेखी काढले होते. घाट उतरताना हलतं का, हाही त्यात एक होता. सभेला अकरा दिवस उरले होते. नौशीनने मग वैतागून सोपा उपाय केला: मोखाडा डावीकडे आणि जव्हार उजवीकडे.

खोडाळ्याहून फोन आला. जिवाभाऊ खूश होते. “आता एकदम बरोबर हाय. हात नका लावू.”

पान चार दिवस बरोबर राहिलं. पाचव्या दिवशी जव्हारचा एक टोपल्यांचा व्यापारी खोडाळ्याच्या बाजाराला गेला, केंद्रात डोकावला आणि संध्याकाळच्या आत अर्जुनरावांच्या ओट्यावर हजर झाला. खोडाळ्याच्या पडद्यावर जव्हार खाली पडलं होतं. मोखाडा त्याच्यावर बसला होता. लोक ते दाखवायला पाहुणे आणत होते.

अर्जुनराव कचेरीत आले. आवाज चढवला नाही. “नौशीन, मी काही म्हणत नाही. पण ठाण्याच्या कंपनीचा माणूस सोमवारी फोन करणार आहे. त्याला मी काय सांगू, आमच्याकडे एक तालुका कायम पडलेला असतो?”

त्या दिवशी घरी नौशीन जेवली नाही. इक्बालने विचारलं, “फर्मा कुठून सुटतोय?”

“उजवीकडून. प्रत्येक वेळी उजवीकडून.”

“उजवीकडे काय बघतेस मग? ओळ उजवीकडे फुटली की डावीकडून मोजत यायचं.”

“अब्बा, ते शिसं होतं.”

“मोजायला काय शिसंच लागतं? मी येतो.”

“जा, जा,” झरीना म्हणाली. “पट्टी हवा खाऊन येईल.”

या वेळी जीपमध्ये चौघं होते: नौशीन, इक्बाल, अर्जुनराव आणि पुन्हा सुकऱ्या, कारण मागच्या वेळी त्याची फरशी तिथे राहिली होती. खोडाळ्याला जिवाभाऊ दारातच उभे होते. दिपिका संगणकाशी बसली आणि नौशीन पहिल्यांदाच तिच्या हाताकडे बघत राहिली. दिपिकाने निळ्या ‘ई’ अक्षराच्या चिन्हावर दाबलं.

“दिपिकाताई, ह्याच्यावर का दाबता?”

“मग कशावर दाबू?”

“कोल्ह्यावर.”

“कोल्हा आमच्याकडे नाय,” दिपिका म्हणाली.

तेवढ्यात गोष्ट नौशीनच्या ध्यानात आली. इंटरनेटची पानं दाखवणाऱ्या साधनाला ब्राउझर म्हणतात. जव्हारच्या संगणकावर नौशीनने नवा ब्राउझर घातला होता, कोल्ह्याच्या चित्राचा. जुना, निळ्या ‘ई’चा, उघडला की नको त्या जाहिरातींच्या खिडक्या फटाफट उघडत, म्हणून त्याचं चिन्ह तिने वर्षापूर्वी काढून टाकलं होतं. खोडाळ्याला फक्त जुनाच होता. ती दोन महिने पान कोल्ह्यातून बघत होती, आणि खोडाळा ते ‘ई’तून.

“पण पान एकच आहे ना?” अर्जुनरावांनी विचारलं.

“पान एकच. दाखवणारे दोन.”

“आणि त्यांचं आपसात पटत नाही,” जिवाभाऊ म्हणाले. हे त्यांना लगेच समजलं.

इक्बालने चष्मा पुसला, खिशातली पट्टी काढली आणि पडद्याच्या डाव्या कडेला टेकवली. आजवर तिकडे कोणी बघितलंच नव्हतं, कारण डावीकडच्याची कधी तक्रार नव्हती. त्याने मधल्या फटी मोजल्या. त्या सारख्या होत्या. मग डावीकडचा समास मोजला. पट्टी उचलली, पुसली, पुन्हा मोजला.

“ही फट दुप्पट आहे.”

नौशीन वाकली. “मी दहाच दिलेत.”

“हा वीस घेतोय.”

डावीकडे त्या वेळी मोखाडा होता. अर्जुनराव पुढे सरकले. “म्हणजे मोखाड्याने जागा बळकावली. जिवाभाऊ, बघून घ्या.”

नौशीनने जुनं पान उघडलं, जव्हार डावीकडे असलेलं. सात मिनिटांनी ते उतरलं. इक्बालने मोजलं. आता जव्हारची फट दुप्पट होती.

“तुमीबी बघून घ्या,” जिवाभाऊ म्हणाले.

इक्बालने पट्टी खिशात ठेवली. “तालुक्याचा काही संबंध नाही. ह्या ब्राउझरची खोड आहे. डाव्या कडेला जो पहिला बसतो, त्याचा समास हा दुप्पट मोजतो. वरचे दहा ठिपके येतात कुठून? पान सातशे साठचं, माल सातशे सत्तरचा. मग तिसऱ्याला रांगेत जागा नाही. तो खाली जातो.”

“थोडी सैल जागा असती तर?” सुकऱ्याने विचारलं. तो फरशी काढायला टेबलाखाली गेला होता आणि तिथूनच बोलत होता.

नौशीनने बापाकडे बघितलं नाही. तीस ठिपके तिने सोडले होते. ते त्याने पाकिटाच्या पाठीवर हिशेब करून भरले होते.

“चूक कोणाची धरायची?” अर्जुनराव म्हणाले. “सभेत विचारतील.”

“ब्राउझरची,” नौशीन म्हणाली.

“ब्राउझर सभेत उभा राहून सांगणार आहे का?”

रविवारी सभेला दोनशेच्या वर माणसं आली. व्यासपीठावर मधली खुर्ची रिकामी होती. अहवाल वाचून झाला, पानाचा विषय निघाला आणि पहिलाच प्रश्न आला, की ज्या मुलीला दोन तालुके एका ओळीत ठेवता येत नाहीत तिला कायम का करायचं. मागच्या बाजूने इक्बाल उठला. तो सभासद नव्हता. त्याने बोलायची परवानगी मागितली. दोन्ही तालुक्यांनी ती स्वतंत्रपणे दिली.

त्याच्या हातात पोत्यात गुंडाळलेली लोखंडी चौकट होती. छापखाना बंद झाला त्या दिवशीचा शेवटचा मजकूर तिच्यात अजून आवळलेला होता, कुठल्याशा बारशाचं आमंत्रण. ते बाळ आता शाळेत जात असेल. इक्बालने चौकट डोक्यावर धरली.

“यात सहाशे-सातशे खिळे आहेत. बघा, एक पडत नाही. का? आवळलेत म्हणून. मी हेच शिकलो. माझ्या मुलीने पानावर जागा सैल सोडली होती. मी तिला म्हटलं, आवळ. तिने माझं ऐकलं. इथे सैल राहिलं की पडतं. तिथे आवळलं की पडतं. हे मला माहीत नव्हतं. मोखाडा मी पाडला. नंतर जव्हारही मीच पाडलं.”

मग दाभोश्याची फागीबाई, टोपल्यांच्या गटाची प्रमुख, म्हणाली, “न पडलेला दाखवलास. पडतो कसा, तेबी दाखव. आमी कसा मानायचा?”

इक्बालने तिच्याकडे पाहिलं. मग खिशातली पट्टी काढून तिच्या टोकाने एक पाचर सैल केली. क्षणभर काही झालं नाही. मग बारशाचं आमंत्रण व्यासपीठासमोर खळखळत सांडलं.

पुढची वीस मिनिटं सर्वसाधारण सभा जमिनीवर बसून खिळे वेचत होती. जिवाभाऊंना एक ‘ळ’ रिकाम्या खुर्चीखाली सापडला. कोणता खिळा कोणत्या तालुक्याच्या माणसाने वेचला याची नोंद झाली नाही. संघाच्या इतिहासात नोंद न झालेली ती एकमेव गोष्ट.

उपाय सोपा होता. दहा ठिपके कमी करायचे. प्रश्न हा, की कोणाचे. नौशीन म्हणाली, मधल्या सूचनांच्या रकान्यातून घेऊ. त्याला दोन्ही तालुक्यांचा विरोध झाला, कारण सूचना सामाईक होत्या आणि सामाईक मालमत्तेला हात लावायला दोनतृतीयांश मतं लागत. तासाभराने ठराव क्रमांक सात मंजूर झाला: ‘जव्हारने पाच ठिपके व मोखाड्याने पाच ठिपके स्वखुशीने सोडावेत. सदर दहा ठिपके मोकळे राहतील व त्यांवर कोणत्याही तालुक्याचा हक्क राहणार नाही.’ जव्हार पुन्हा डावीकडे गेलं. सूचक जिवाभाऊ, अनुमोदक अर्जुनराव. ठराव आठ, नौशीनला कायम करण्याचा, दोन मिनिटांत झाला. झरीनाने ठाण्याला फोन करून टेबल कोणाला तरी देऊन टाकायला सांगितलं.

सोमवारी खोडाळ्याच्या पडद्यावर तिन्ही रकाने एका रांगेत उभे राहिले. मंगळवारी जिवाभाऊंचा फोन आला. ते मोकळे दहा ठिपके जव्हारच्या बाजूला दिसतायत, हे कसं? बुधवारी अर्जुनराव कचेरीत आले. ते दहा ठिपके मोखाड्याच्या बाजूला दिसतात, हे कसं?

दोघांचंही बरोबर होतं. जुना ब्राउझर डावा समास दुप्पट करी, म्हणून खोडाळ्याला मोकळी पट्टी डावीकडे, जव्हारपाशी दिसे. कोल्हा तो दुप्पट करत नसे, म्हणून जव्हारला ती उजवीकडे, मोखाड्यापाशी दिसे. ज्याने बघावं त्याला ती दुसऱ्याकडे गेलेली दिसे. इक्बालने दोघांना एकच उत्तर दिलं. “ती संघाची आहे. राखायला तिकडे ठेवली आहे.”

चारेक महिन्यांनी नौशीनच्या वाचण्यात आलं, की पहिल्या रकान्याला संगणकाच्या भाषेत एका छोट्या ओळीची आज्ञा दिली की जुना ब्राउझर ही खोड सोडतो. मग ठिपके सोडायची गरजच नाही. तिने बापाला विचारलं. इक्बालने थोडा विचार केला. मग म्हणाला, ठराव झालाय, आता राहू दे.

तो रोज दुपारी डबा घेऊन कचेरीत जाई. तिने नवं पान केलं की पट्टी लावून बघे. सैल असलं तर काही बोलत नसे. पण पायजम्याची नाडी तो आधीसारखीच आवळून बांधी.

२००८ साली खोडाळ्याच्या केंद्राला नवा संगणक मिळाला, डाव्या समासाची खोड नसलेल्या नव्या ब्राउझरसकट. दिपिकाने पान उघडलं तेव्हा जिवाभाऊ शेजारीच उभे होते. त्यांनी लगेच जव्हारला फोन लावला.

“इक्बालभाई हायेत का? त्यांना सांग, ती मोकळी पट्टी आमच्याकडे आली. आज सकाळी आली. मिळाली म्हणून लिहून घ्या, आणि आता परत मागू नका.”